तुपाच्या डब्याचं डिझेल

बोरवाडी, पो. तिसगाव
१२ सप्टेंबर १९७२

ती. राधाकृष्णदादास,

कानिफनाथाचा नमस्कार. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चिडायचं नाही. मी कॉलेज सोडलं. बी. एस्सी.चं दुसरं वर्ष होतं हे मला माहीत आहे. आई ते रोज सकाळ-संध्याकाळ सांगते, त्यामुळे तू पुन्हा लिहू नकोस. प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "पुस्तकात आहे तेच उत्तर आलं पाहिजे." मी म्हणालो, "मग प्रयोग कशाला करायचा?" ते म्हणाले, "बाहेर हो." मी बाहेर झालो तो थेट एस. टी. स्टँडवर. वळकटीसुद्धा मागून आली.

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. तू माझा मावसभाऊ, त्यात नगर स्टेशनच्या माल कचेरीत कारकून, म्हणून विचारतो. डिझेल इंजिनाला एका अंगाला चाकं किती?

कारण मनकर्णा. आमच्या सरपंचांची, आबासाहेबांची मुलगी. टँकरच्या रांगेत ती पुढे होती, मी मागे. बोलता बोलता मी म्हणालो की नगर स्टेशनात मी डिझेल इंजिन पाहिलं, त्याला कोळसा नाही, वाफ नाही. ती घागर कमरेवर घेत म्हणाली, "कोळसा न्हाई, वाफ न्हाई, मंग चालतंय कशावर? तुमच्या थापांवर?" सगळी रांग हसली. दादा, माझं डोकंच फिरलं. मी भर रांगेत सांगून टाकलं की दसऱ्याला तुमच्या घरी सोनं द्यायला येईन तो डिझेल इंजिन हातात घेऊनच, नाहीतर तोंड दाखवणार नाही. ती म्हणाली, "बघू." 'बघू' म्हणाली दादा, 'नको' नाही म्हणाली!

आता तूच सांग, असं वचन मोडता येतं का? त्यात आबासाहेब यंदा तिचं लग्न उरकायचं म्हणतात. कॉलेज सोडलेल्या पोराला ते दारात उभं करणार नाहीत. माझ्या हातात काही कसब आहे हे दाखवायला मला हा एकच दसरा आहे.

सामान असं जमलंय. मढीच्या जत्रेत घेतलेली किल्लीची आगगाडी आहे, पण ती वाफेची, म्हणून तिचं धुराडं कापून टाकलं. ती बुटकीही आहे, म्हणून वर वनस्पती तुपाचा डबा कापून लांब अंग बसवतोय. जाळीला चहाची गाळणी, दिव्याला बॅटरीचा बल्ब, तेलाच्या टाकीला आजीची तपकिरीची डबी. ड्रायव्हरनं धरून चढायच्या दांड्यांना केसांचे आकडे. आकडे कुणाचे ते विचारू नकोस. रंग पोळ्याचा आहे. यंदा बैल छावणीत, शिंगं रंगवायची कुणाची, त्यामुळे हिंगुळाची डबी तशीच उरली.

चाकं, पट्टा, रंग, सगळं सविस्तर कळव. माझा जीव टांगलेला आहे.

तुझा
कानिफ


सावेडी, अहमदनगर
२१ सप्टेंबर १९७२

चि. कानिफ,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. चिडलो ते शेवटी.

तुझ्यासाठी काल फलाटावर उभा राहून डिझेल इंजिनाची चाकं मोजली. एका अंगाला सहा. तीन पुढे, तीन मागे, मध्ये तेलाची टाकी. मी मोजत होतो तेव्हा ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "काय साहेब, एखादं कमी आहे का?" इतक्या वर्षांच्या नोकरीत रेल्वेत कुणी मला साहेब म्हणाल्याची ही पहिली वेळ. ती तुझ्या प्रेमप्रकरणामुळे आली याची नोंद घे.

रंग गडद लाल, मधून पिवळा पट्टा. तुझ्या जत्रेच्या गाडीला चारच चाकं असणार. उरलेली मावशीच्या शिलाई मशीनच्या बॉबिन वापरून कर, पण तिला विचारून. पट्टा हातानं ओढायला जाऊ नकोस, तुझ्या हाताला तुझ्यापेक्षा जास्त घाई असते. सोबत पोस्टाच्या तिकिटांच्या तावाच्या कडा पाठवतो. त्यांना मागून डिंक असतो. पिवळा वाळला की त्यावर पट्टी चिकटव, वरून लाल दे, मग पट्टी ओलसर करून सोडव. आणि डबा आधी चिंचेनं घासून धू. तुपावर रंग धरत नाही.

मुलीच्या बापाला मात्र इंजिन दाखवण्याआधी नोकरी दाखवावी असं माझं मत आहे. मला एकच जमलंय, नोकरी आहे पण मुलगी कुणी देत नाही, म्हणून मताला किती किंमत द्यायची ते तू ठरव.

तुझा
राधाकृष्णदादा


बोरवाडी
२० ऑक्टोबर १९७२

ती. दादास,

इंजिन झालं. घोटाळाही झाला. क्रमानं सांगायचा प्रयत्न करतो.

तुझ्या पट्टीनं कमाल केली. डिंकाची कडा सोडवली तर खाली पिवळा पट्टा असा सरळ, जसा काही कारखान्यातून आला. नवव्या दिवशी आईनं खंडेनवमीच्या पूजेला विळा, कोयता, शिलाई मशीन मांडलं आणि शेजारी माझं इंजिन ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात बायडाबाई आली. बायडाबाई म्हणजे माळावरच्या दुष्काळी कामावर बायकांची टोळी सांभाळते ती, तिचं बोलणं टोळी डोळे झाकून मानते. तिनं विचारलं, "ह्ये काय गं?" आई म्हणाली, "डिझेल इंजान. कानिफनं नगरहून आनलंय."

'केलंय' म्हणायचं सोडून 'आनलंय'! कॉलेज सोडून आलेल्या पोरानं नगरहून काहीतरी आणलेलं असावं, एवढीच त्या माउलीची इच्छा.

आता इथली परिस्थिती समजून घे. निम्मं गाव उन्हाळ्यापासून माळावर खडी फोडतंय. ढिगाऱ्यांची रांग लागलीय. ती खडी कशासाठी, हे मुकादमालाही माहीत नाही. ना रस्ता मंजूर, ना तलाव. बायडाबाईनं इंजिनाकडे पाहिलं, माळाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! मंग ती खडी रेल्वेची हाय व्हय!"

दिवेलागणीपर्यंत बोरवाडीला रेल्वे आलेली होती.

दसऱ्याला मी आपट्याची पानं आणि इंजिन घेऊन आबासाहेबांच्या घरी गेलो. मनकर्णा ओसरीवर आली. पानं घेतली, इंजिन हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. मला वाटलं आता म्हणेल, काय सुंदर आहे. म्हणाली, "ह्यो दांडा म्हंजे माझा आकडा हाय. टँकरपाशी हरवला हुता." मग तिनं पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. सकाळी एका जागी तो पुन्हा सारखा केला होता, ओलाच होता. बोट पिवळं झालं. दादा, तिनं ते पुसलं नाही! पदराआड नेलं, पण पुसलं नाही.

तेवढ्यात आबासाहेब चार पंच घेऊन आले. मला वाटलं मार बसणार. त्यांनी इंजिन दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, "सरकारी नमुना असा हातात घिऊन हिंडायचा नस्तो, कानिफ्या." आणि नेऊन ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात ठेवलं.

मी ओरडलो, "अहो, हा तुपाचा डबा आहे!" ते म्हणाले, "असू दे. नमुना हलकाच करत्यात."

आता तू लिही, आमच्या अंगानं कुठली लाइन मंजूर आहे का? नाही असंच लिही आणि सही कर. ते पत्र मी चावडीवर वाचून दाखवतो.

तुझा
कानिफ


सावेडी
३ नोव्हेंबर १९७२

चि. कानिफ,

तुमच्या अंगानं कुठलीही लाइन मंजूर नाही. मी माल कचेरीतला कारकून आहे, त्यामुळे हे वैयक्तिक मत समज. खाली सही केली आहे.

तुमचे सरपंच आबासाहेब स्वतः इथे येऊन गेले. तू सांगितलंस त्याहून फार भले गृहस्थ वाटले. कचेरीत आले, मला भजी खायला घातली. आधी रेल्वेबद्दल विचारलं, मी म्हटलं ते वरच्या साहेबांना माहीत. तर खूश होऊन म्हणाले, "म्हंजे हाय काहीतरी वर."

मग माणसाची चौकशी किती! नोकरी पक्की का, देवक कोणतं, आईवडील कुठले, रात्री नीट दिसतं का. तुला मी ओळखतो म्हटल्यावर, "ते ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मला त्यांनी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. मी चाललो. त्यांना फलाटाची लांबी बघायची असावी. लंगडत नाही ना, असंही विचारलं, कदाचित लांब अंतरामुळे. जाताना आमच्या घरचा पत्ता लिहून घेतला. गावाला माणसाची एवढी कदर असते हे बघून बरं वाटलं.

तुझ्या कामाचं काही बोलणं झालं नाही. पुढच्या वेळी आले तर तुझा विषय काढतो.

तुझा
राधाकृष्णदादा


बोरवाडी
१० नोव्हेंबर १९७२

राधाकृष्णदादा,

नमस्कार बिमस्कार काही नाही.

त्यांना फलाटाची लांबी बघायची असावी असं तुला वाटलं? देवक विचारून कुणी फलाट मोजतं का? अरे ते नवरा बघायला आले होते! रेल्वे गावात येणार, तर जावईही रेल्वेतलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलंय. माझ्याच इंजिनानं माझ्या डोक्यावरून चाक नेलं. तू चाललास आणि त्यांना पसंत पडलास. तुला चालायला कुणी सांगितलं होतं?

तू तिला बघायला आलास तर आपलं नातं संपलं. मी दगड घेऊन समोरच्या लिंबावर बसेन.

इथे काय चाललंय ते ऐक. परवा चावडीवर 'सर्व्हे' झाला. जमिनीवर रांगोळीनं नगर काढलं, बीड काढलं, मध्ये बोरवाडी आणि तिचा पाणवठा. इंजिनाला किल्ली दिली आणि सोडलं. ते जाईल तिथून लाइन जाणार. आता मी एका अंगाला बॉबिन बसवल्यात, त्या घासतात, म्हणून गाडी डावीकडे ओढते. तीनदा सोडली, तीनदा डावीकडे वळून पाणवठ्यात गेली. पंचांनी ठराव केला की पाणवठ्यावर पूल लागेल. पाणवठ्यात थेंब नाही, दादा! पूल कशावर बांधणार?

मग रंगावरून भांडण. वरच्या आळीला भगवं इंजिन पाहिजे, खालच्या आळीला हिरवं. तोड म्हणून पुढून भगवं, मागून हिरवं केलं. माझा पिवळा पट्टा मधोमध कसाबसा राहिलाय.

माझं डोकं तडकलं. चावडीच्या कट्ट्यावर चढून तुझं सहीचं पत्र वाचलं. "रेल्वे येत नाही! हा तुपाचा डबा आहे, ही चहाची गाळणी आहे, ही माझ्या आजीची तपकिरीची डबी आहे!" मग बायडाबाई उठली. हाताला फडकी बांधलेली, बोटं फुटलेली. म्हणाली, "गप ए. रोज सुकडी खाऊन खडी फोडतोय आमी. कशासाठी ते सरकार सांगंना. मंग ते तरी आमाला ठरवू दे की."

मी कट्ट्यावरून उतरलो. पत्र घडी करून खिशात घातलं.

पण तुझ्यावरचा राग तसाच आहे.

कानिफनाथ


सावेडी
२६ नोव्हेंबर १९७२

चि. कानिफ,

तुझं पत्र मिळण्याआधी आईनं मुलगी बघायला येतो असं कळवून टाकलं होतं. न येणं म्हणजे मुलीच्या घराचा अपमान. म्हणून आलो, नकार द्यायच्या तयारीनं. तू खरोखर लिंबावर बसला होतास. खाली उतरला असतास तर सगळं ऐकू आलं असतं. आता मला लिहावं लागतंय.

बघण्याची रीत अशी की मुलीला विचारतात, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. इथे उलटं. पोहे आले, मुलगी बसली आणि आबासाहेबांनी मलाच विचारलं, "आमच्या लाइनीचं काम कुठवर आलंय?"

मी म्हणालो, "अशी लाइन नाही."

"न्हाई म्हंजे अजून न्हाई."

"अजूनही नाही आणि कागदावरही नाही."

ते मागे टेकले. "माल कचेरीत तुमी काय करता?"

"पोत्यांच्या पावत्या."

"मंग पोत्यात बसून तुमाला वरचं कसं दिसंल?"

कानिफ, मी शांत माणूस आहे हे तुला माहीत आहे. पण सहा वर्षं पक्की नोकरी केली आहे. मी उभा राहिलो. "रेल्वेत मी आहे का तुम्ही?" तर ते काय म्हणाले! "तुमी रेल्वेत हाय, पन रेल्वेवर तुमचा इस्वास न्हाई. असल्याला पोरगी द्यायची न्हाई." कारण रेल्वेचं, आणि नकार रेल्वेच्याच माणसाला. मी नकार द्यायला आलो होतो, तरी मला वाईट वाटलं. पोहेही अर्धेच खाऊन झाले होते.

मग त्यांनी पंचांसमोर जाहीर केलं. "पोरगी कानिफ्याला देनार. त्यानं गावात इंजान आनलं. पन लगीन पहिली गाडी बोरवाडीत आल्यावर. त्याच गाडीनं वऱ्हाड काढू."

तर अभिनंदन. तुझं ठरलं आहे. फक्त गाडी यायची बाकी आहे.

मुलगी फार हुशार आहे. जास्त काही लिहीत नाही.

तुझा
राधाकृष्णदादा


बोरवाडी
१४ जानेवारी १९७३

ती. राधाकृष्णदादास,

तिळगूळ सोबत आहे. मागच्या पत्रातलं सगळं विसर. मी विसरलो.

आधी तुझी लबाडी. निघताना मनकर्णानं उंबऱ्यात तुला एक प्रश्न विचारला होता. तू मला लिहिलं नाहीस. 'जास्त काही लिहीत नाही' म्हणे!

तुझं पत्र वाचलं आणि मला वाटलं, संपलं. ती गाडी काही आपल्या जन्मात येत नाही. आबासाहेबांकडे तीनदा गेलो. ते एकटे असताना हळूच म्हणाले, "कानिफ्या, मला काय कळत न्हाई व्हय? पन आता लगनाची तारीख धरली, तर सरपंचाचाच रेल्वेवर भरवसा उडाला म्हनतील. उद्या कामावर कुनी जाईल का?" म्हणजे ते तिकडून अडकलेले आणि मी इकडून.

शेवटी मी पत्रा कापायची कात्री घेतली आणि भर ग्रामसभेत, दप्तरासाठी उघडलेल्या कपाटातून इंजिन बाहेर काढलं. सगळ्यांसमोर त्याचं पोट फाडायचं, आत वळवलेलं तुपाच्या डब्याचं ताडाचं चित्र दाखवायचं आणि विषय मिटवायचा. कात्री लावणार तोच बायकांतून आवाज आला, "थांबा."

मनकर्णा उभी राहिली. सभेत उभी राहिलेली मुलगी आमच्या गावानं पाहिलेली नव्हती. ती बापाला म्हणाली, "आबा, गाडी आली म्हंजे स्टेशन आलं. स्टेशन आलं म्हंजे मास्तर लागंल, आन् त्यो इंजान आननाराच हुनार. मास्तराला रेल्वे घर देती, पन संसारी मानसालाच देती. मी नगरच्या पाव्हन्यांना इचारलंय. मास्तर सडाफटिंग असला तर घर दुसऱ्याच गावच्या मानसाला जाईल. मंग आपल्या गावाचं स्टेशन आपल्या हातात ऱ्हाईल का?"

सभा विचारात पडली. खालच्या आळीनं वरच्या आळीकडे पाहिलं. याबाबतीत दोन्ही आळ्यांचं एकमत होतं, स्टेशन बाहेरच्याच्या हाती जाता कामा नये.

आबासाहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "काय रे कानिफ्या, असं अस्तं का?"

दादा, सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. एका हातात कात्री, दुसऱ्यात इंजिन. तोंडाशी आलं होतं, स्टेशनच नाही तर मास्तर कसला आणि घर कसलं! याच तोंडापायी कॉलेज गेलं. मनकर्णानं माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत उभी होती. आणि बायडाबाई फडक्यातली बोटं धरून वाट बघत होती.

मी म्हणालो, "असतं. संसारी माणसालाच देतात."

यात खोटं काय आहे? तूच सांगितलंस ना तिला? तरी मला घाम फुटला. खरं बोलायला एवढे कष्ट पडतात हे मला माहीत नव्हतं.

बायडाबाई म्हणाली, "मंग उरका की लवकर! गाडी काय पोरीसाठी थांबती व्हय?"

आबासाहेबांनी तिथल्या तिथे मला जवळ ओढलं. इतक्या जोरात, की त्यांना कधीपासून ओढायचं असावं. माघातला मुहूर्त धरलाय. मीही परवापासून माळावर हजेरी मांडायच्या कामाला लागलो. खडी कशासाठी हे मी कुणाला विचारत नाही.

लग्नाला तू यायचंच. आबासाहेबांचा तुझ्यावर राग नाही. म्हणाले, "इस्वास न्हाई, पन मानूस रेल्वेचा हाय, मांडवात पायजे." मात्र एक अडचण आहे. बायकांनी माळावर उरलेल्या खडीचा लांब कट्टा रचलाय, त्याला फलाट म्हणतात आणि दुपारी तिथे भाकरी खातात. लग्नाला नगरहून रेल्वेचा माणूस येणार हे त्यांना कळलंय. तू एस. टी.तून वेशीवर उतरलास तर त्यांना कसं वाटेल?

म्हणून ओढ्यापाशी, गावाच्या अलीकडेच उतर. तिथून खडीच्या ढिगाऱ्यांची रांग सुरू होते. तिच्या कडेकडेनं सरळ चालत ये. तुला चालायला छान येतं, आबासाहेब अजून सांगतात. फलाटावर बायका बसलेल्या असतील. लांबूनच हात कर.

तुझा
कानिफ